जुन्या युद्धनौकांची प्लॅस्टिक किट्स जमवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली वीसेक वर्षं मी जुन्या युद्धनौकांची न जोडलेली प्लॅस्टिक किट्स जमवतो. भर एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीच्या १/६०० प्रमाणातल्या (म्हणजे खऱ्या नौकेच्या सहाशेव्या हिश्शाइतक्या) नौकांवर, बाकीच्यांची अधूनमधून चव. खालचे प्रश्न मला खरोखर विचारले गेलेले आहेत. काही फोनवर, काही चोरबाजारात उभ्या उभ्या, आणि शेवटचा घरातून.

'जुनं किट' म्हणायला ते किती जुनं हवं?

असा काही कायदा नाही. मी स्वतः १९८१ ची रेघ मारतो, कारण त्या वर्षी मूळ एअरफिक्स कंपनी बुडाली. त्यानंतर किट्सचे साचे फ्रान्सला गेले, १९८६ मध्ये हम्ब्रोल या कंपनीकडे आले आणि २००६ पासून हॉर्नबी या कंपनीकडे आहेत. जपानी किट्सच्या बाबतीत मी सत्तरच्या दशकाअखेरपर्यंत थांबतो. तुमची रेघ वेगळी असू शकते. फक्त एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा: साचा जुना असला म्हणून किट जुनं होत नाही. एअरफिक्सचं 'हूड' या युद्धनौकेचं किट साठ वर्षांपूर्वीच्या दुकानात होतं आणि अलीकडे 'व्हिंटेज क्लासिक्स' या नावाच्या नव्या खोक्यातही आलं. आतलं प्लॅस्टिक त्याच साच्यातलं. जमवणाऱ्याच्या लेखी मात्र या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि नवशिका पहिले पैसे घालवतो ते नेमके इथेच.

सुरुवात कुणी केली? कोणत्या कंपन्या बघायच्या?

अमेरिकेत रेव्हेलने १९५३ मध्ये 'मिसुरी' बाजारात आणली. जिच्या डेकवर २ सप्टेंबर १९४५ ला जपानने शरणागतीवर सही केली, तीच ही नौका. आठ वर्षांपूर्वी वर्तमानपत्रात पाहिलेली बोट आता पोराच्या टेबलावर, म्हटल्यावर ती खपणारच. तो साचा पुढे कित्येक दशकं चालला, आणि त्यातूनच 'न्यू जर्सी'सारख्या तिच्या भगिनी-नौकाही निघाल्या.

एअरफिक्स १९३९ मध्ये लंडनमध्ये निकोलस कोव्ह या हंगेरियन गृहस्थाने काढली, तीही हवा भरायची रबरी खेळणी करायला. १९५२ मध्ये त्यांनी 'गोल्डन हाइंड' हे शिडाचं जहाज प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर कागदी पट्टी लावून वूलवर्थच्या दुकानांत ठेवलं. खोका टाळल्यामुळे किंमत पोराच्या खिशातल्या पैशांत बसली. पुढच्या वीस वर्षांच्या धंद्याचा पाया ही पिशवी आहे, असं माझं मत.

जपानमध्ये शिझुओकाच्या तामियाने पहिलं प्लॅस्टिक किट काढलं ते १९६० मध्ये, १/८०० ची 'यामातो'. त्याच वेळी प्रतिस्पर्ध्याची 'यामातो' स्वस्तात आली आणि तामियाला चांगलाच फटका बसला. आज तामियाचं नाव काय आहे ते पाहता ही गोष्ट मला फार आवडते. पुढे १९७१ मध्ये तामिया, हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी या शिझुओकाच्याच चार कंपन्यांनी नौका आपसांत वाटून घेतल्या आणि १/७०० ची 'वॉटरलाइन' मालिका सुरू केली. पाण्याच्या रेषेखालचा भाग यात नसतोच. टेबल हाच समुद्र. फुजिमी १९९२ मध्ये बाहेर पडली.

याखेरीज फ्रान्सची हेलर (१/४०० च्या देखण्या नौका), अमेरिकेच्या ऑरोरा, लिंडबर्ग, रेनवाल, आणि इंग्लंडची ईगलवॉल. ईगलवॉलच्या १/१२०० च्या चिमुकल्या नौका पन्नाशीच्या दशकाअखेरच्या. हाताच्या पंजावर मावतात आणि हातात घेतल्या की सोडवत नाहीत.

१/५३५, १/४२६, १/५४२... हे असले विचित्र आकडे कुठून आले?

खोक्यातून. रेव्हेलला ठरावीक मापाचे खोके लागायचे, दुकानाच्या फळीवर नीट रचता यावेत म्हणून. मग बोट खोक्याच्या लांबीत बसवायची आणि जे प्रमाण निघेल ते निघेल. 'मिसुरी' १/५३५ म्हणजे साधारण ५० सेंटीमीटर, 'ॲरिझोना' १/४२६, विमानवाहू 'फॉरेस्टल' १/५४२. याला 'बॉक्स स्केल' म्हणतात. तोटा असा की या तिघी शेजारी ठेवल्या तर कोण मोठी, कोण लहान याचा काही पत्ता लागत नाही. एअरफिक्सने बहुतेक सगळ्या युद्धनौका १/६०० मध्येच केल्या. त्यामुळे ४४ सेंटीमीटरची 'हूड' आणि २८ सेंटीमीटरची 'एजॅक्स' जवळ ठेवली की फरक डोळ्यांना दिसतो. मी १/६०० ला चिकटलो त्याचं हेच कारण.

खोक्यावरून वय कसं ओळखायचं?

एअरफिक्सपुरतं सांगतो, कारण तेवढंच मला छातीठोकपणे सांगता येतं.

आधी चिन्ह बघा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत कंपनीचं नाव गुंडाळी उलगडल्यासारख्या फितीवर लिहिलेलं असायचं. १९७३ च्या सुमारास गोल चिन्ह आलं. फीतवाल्या काळातही दोन-तीन प्रकार आहेत आणि जमवणारे त्यांना 'टाइप १', 'टाइप २', 'टाइप ३' असं म्हणतात. १९६३ ते १९७३ च्या आसपासचा टाइप ३ सगळ्यांचा लाडका. त्यामागे एक माणूस आहे: रॉय क्रॉस. १९६४ ते १९७४ अशी दहा वर्षं त्याने एअरफिक्ससाठी खोक्यांवरची चित्रं काढली. उसळलेलं हिरवट पाणी, तोफेच्या तोंडाशी नारिंगी भडका, मागे काळा धूर. आत राखाडी प्लॅस्टिकच्या काड्या आहेत हे ठाऊक असूनही माणूस खिशात हात घालतो. पुढच्या काळात काही चित्रांतले स्फोट आणि जळती विमानं पुसून टाकली गेली. तेच चित्र, पण आगीशिवाय. अशी दोन खोकी शेजारी ठेवून पाहा, गंमत वाटेल.

मग पत्ता वाचा. 'एअरफिक्स प्रॉडक्ट्स लिमिटेड, हॅल्डेन प्लेस, लंडन एस. डब्ल्यू. १८' असं असेल तर मूळ कंपनी. फ्रान्सचा उल्लेख असेल तर १९८१ नंतरचं. आणि 'मेड इन इंडिया' दिसलं तर हुरळून जाऊ नका, ते अलीकडच्या काळातलं आहे. हॉर्नबीने बरंचसं उत्पादन भारतातूनच करून घेतलं. इथे बनलेलं किट इंग्लंडला जातं आणि आपण ते तिथून पोस्टाने मागवतो. चालायचंच.

फसवणारी खूण म्हणजे सालाचा आकडा. सूचनापत्रकावर किंवा नौकेच्या पोटात आतल्या बाजूला जे साल असतं ते साचा किंवा चित्र कधीचं आहे ते सांगतं. तुमच्या हातातलं किट त्यानंतर वीस वर्षांनीही निघालेलं असू शकतं.

सीलबंद किट घ्यावं का?

पिशवीतलं असेल तर अवश्य. कागदी पट्टीच्या पिना बघा. मूळ पिना असतील तर गंजाचा तांबूस डाग कागदात उतरलेला असतो आणि प्रत्येक पिनेला भोकं दोनच असतात. चार भोकं म्हणजे कुणीतरी उघडून परत मारली आहे.

खोक्यावरच्या तलम पारदर्शक वेष्टनाबद्दल मी साशंक असतो. ते वेष्टन चढवायचं यंत्र कुणालाही मिळतं. शिवाय खरं असलं तरी वर्षानुवर्षं ताणलेलं वेष्टन खोक्याचे कोपरे चिरडतं. मला उघडलेला, भाग मोजता येतील असा खोका कधीही चालतो.

सगळे भाग आहेत हे कसं तपासायचं?

सूचनापत्रक समोर पसरायचं आणि एकेक आकडा पेन्सिलीने टिकमार्क करत जायचं. पत्रकावर नको, त्याच्या झेरॉक्सवर. तोफांच्या नळ्या, होड्या आणि विमान हे तीन भाग आधी बघा. भाग ज्या प्लॅस्टिकच्या फ्रेमला जोडलेले येतात तिच्यावरून तुटून तळाशी पडणारे हेच, आणि पोरांनी खेळायला पळवलेलेही हेच.

एकदा मी परदेशातून 'पूर्ण' म्हणून विकलेली 'वॉरस्पाइट' मागवली. खोका उत्तम, पत्रक उत्तम, डेकल (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायची छापील चित्रं) जागच्या जागी. आत नौकेचा उजवा अर्धा भाग दोनदा होता आणि डावा नव्हताच. विक्रेत्याने भाग मोजले होते, आणि आकडा बरोबर आला होता! तेव्हापासून मी फोटो मागवताना दोन्ही अर्धे एकमेकांना टेकवून धरायला सांगतो.

डेकल पिवळी पडली आहेत. फेकून द्यायची का?

अजिबात नाही. आधी स्कॅन करून ठेवा. मग डेकलचा कागद पारदर्शक पिशवीत घालून, छापील बाजू बाहेर ठेवून, उन्हाच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवा. आठ-पंधरा दिवसांत पिवळेपणा बराच उतरतो. हे काम मार्च-एप्रिलमध्ये उरका. जुलैत मुंबईत खिडकीला फक्त ओल मिळते. वापरायच्या आधी वरून पारदर्शक लाखेचा एक हलका हात द्या, म्हणजे पाण्यात टाकल्यावर डेकलचे तुकडे होणार नाहीत. तसं युद्धनौकेत डेकल म्हणजे दोन झेंडे आणि नावाची पट्टी, त्यामुळे फार जीव टाकू नका. विमानवाल्यांचं दुःख मोठं आहे.

कोकणात, मुंबईत पावसाळ्यात किट्स कशी टिकवायची?

प्लॅस्टिकला पावसाचं काही वाटत नाही. मरतो तो कागद. खोक्याला बुरशी येते, पत्रकाची घडी कसर खाते. सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या दरवर्षी बदला. खोका भिंतीला टेकवून ठेवू नका. पश्चिमेच्या भिंतीला तर मुळीच नको.

आणि डांबराच्या गोळ्या कधीही, कुठल्याही परिस्थितीत नकोत. हे मी स्वतः शिकलोय. एका जूनमध्ये मी मोठ्या शहाणपणाने 'प्रिन्स ऑयगेन'च्या खोक्यात चार गोळ्या कागदात बांधून ठेवल्या. गणपतीत खोका उघडला तर कसर नव्हती, वासाने डोळे भरून आले, आणि डेकचा पुढचा भाग खालच्या फ्रेमला चिकटून बसला होता. सोडवताना लाकडी फळ्यांच्या कोरलेल्या रेषांवर चकचकीत, गुळगुळीत चट्टा दिसला, जणू कुणी गरम चमचा फिरवलाय. या गोळ्यांची वाफ पॉलिस्टायरीनला मऊ करते. आमच्या आजीच्या पैठण्या जिने राखल्या तीच वस्तू इथे विष आहे.

तसंच, मऊ पीव्हीसीच्या पिशव्या टाळा. तिच्यातलं तेलकट द्रव्य झिरपून भागांवर चरे आणि चिकटपणा आणतं. झिपवाली साधी पॉलिथिनची पिशवी चांगली.

डेक किंवा बूड वाकडं झालंय, सरळ होईल?

बहुतेक वेळा होतं. चहाइतकं गरम नको, आंघोळीपेक्षा जास्त कढत अशा पाण्यात भाग बुडवायचा, मऊ झाला की काचेवर सपाट दाबून धरायचा आणि तसाच गार पाण्याखाली न्यायचा. एका खेपेला नाही जमलं तर तीन खेपा. उकळत्या पाण्याच्या नादी लागू नका, भाग कायमचा जाईल.

जोडलेलं, रंगाचे थर चढवलेलं जुनं मॉडेल मिळालं. काही करता येईल?

येईल, आणि हा माझा आवडता उद्योग आहे. एका जुन्या डब्यात नेहमीचं तपकिरी डेटॉल न मिसळता ओतायचं, नौका त्यात रात्रभर बुडवायची, सकाळी हातमोजे घालून जुन्या टूथब्रशने घासायचं. रंग साल निघाल्यासारखा सुटतो. धुताना लगेच पाण्याखाली धरू नका, नाहीतर सुटलेल्या रंगाचा चिकट राडा होऊन तो परत बसतो. आधी ताज्या डेटॉलने विसळा, मग साबण, मग पाणी. एखाद्या फुटकळ तुकड्यावर करून बघा आणि मगच बोटीला हात लावा. घराला दोन दिवस दवाखान्याचा वास येतो.

सांधे सोडवायचे असतील तर मॉडेल रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. ट्यूबमधला जुना गोंद थंडीने ठिसूळ होतो आणि पातळ सुरीच्या टोकाने सांधा टकदिशी उघडतो. नेहमीच उघडतो असं नाही, पण कुल्फीशेजारी 'बिस्मार्क' पाहून पाहुणे खूश होतात.

आपल्या नौदलाच्या नौकांची जुनी किट्स आहेत का?

खोक्यावर भारतीय नाव असलेलं जुनं किट माझ्या संग्रहात तरी नाही. पण आपल्या दोन नौका दुसऱ्या नावाने त्या काळच्या फळीवर होत्या.

पहिली 'दिल्ली'. ही मूळची 'अकिलिस', लिअँडर वर्गातली क्रूझर. १३ डिसेंबर १९३९ ला दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यालगत 'एजॅक्स', 'एक्झेटर' आणि 'अकिलिस' या तिघींनी मिळून जर्मन 'ग्राफ श्पे'ला घेरलं. १९४८ मध्ये 'अकिलिस' आपल्याकडे आली, 'दिल्ली' झाली आणि आपल्या नौदलाची ध्वजनौका बनली. १९५६ मध्ये त्या लढाईवरचा ब्रिटिश चित्रपट आला, त्यात 'अकिलिस'ची भूमिका 'दिल्ली'नेच केली. डिसेंबर १९६१ मध्ये तिच्या तोफांनी दीववर मारा केला, आणि १९७८ मध्ये ती निवृत्त झाली.

एअरफिक्सने 'अकिलिस' केली नाही, पण तिची सख्खी बहीण 'एजॅक्स' केली. त्यातून 'दिल्ली' काढता येते. विमान फेकायचा कॅटापुल्ट आणि त्यावरचं विमान काढून टाकायचं. मागच्या दोन तोफ-बुरुजांपैकी वरचा, म्हणजे 'एक्स', लावायचाच नाही, कारण १९४३ मध्ये जपानी बॉम्बने निकामी झाल्यावर तो उतरवून तिथे विमानविरोधी तोफा बसवल्या होत्या. म्हणजे आठऐवजी सहाच मोठ्या तोफा राहतात. डोलकाठ्यांना तीन पायांचा आधार द्यायचा, त्यासाठी फ्रेमची काडी मेणबत्तीवर ताणून बारीक करायची. मी हे केलं ते चोरबाजारात मिळालेल्या 'एजॅक्स'वर. खोका नव्हता, चिमणीही अर्धी. विकणाऱ्या चाचांनी विचारलं, "इसका करोगे क्या?" मी म्हटलं, "दिल्ली." त्यांनी मला स्टेशनचा रस्ता सांगितला.

दुसरी आपल्या माझगावची. एअरफिक्सची 'लिअँडर' ही त्याच नावाची, पण साठच्या दशकातली फ्रिगेट. याच आराखड्यावर माझगाव डॉकने 'निलगिरी' वर्गाच्या सहा फ्रिगेट्स बांधल्या, आणि पहिली 'निलगिरी' १९७२ मध्ये नौदलात आली. आपली 'निलगिरी' मूळ 'लिअँडर'पेक्षा दोन फूट रुंद, पण १/६०० मध्ये तो फरक एक मिलिमीटर! माझगावात ज्यांचे वडील किंवा आजोबा वेल्डर, फिटर होते अशा कुणाला भेट द्यायची असेल तर १९ सेंटीमीटरची ही बोट जोडून द्या. 'निलगिरी'च करा, पुढच्या पाचांवर डच रडार आहेत आणि ती घडवताना जीव मेटाकुटीला येतो.

किट्स मिळतात कुठे?

पूर्वी चोरबाजार, पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, आणि परदेशी बदली झालेल्या कुटुंबांनी रिकामी केलेली कपाटं. अजूनही अधूनमधून नशीब उघडतं, पण मुख्य मार्ग इंटरनेटवरचे लिलाव आणि परदेशातले ओळखीचे लोक.

सीमाशुल्काचा हिशोब आधी करा. प्रमाणबद्ध मॉडेल्स खेळण्यांच्याच गटात मोडतात, आणि २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं शुल्क २० वरून ६० टक्क्यांवर नेलं होतं. मागवायच्या दिवशीचा दर तपासा. खोक्यात जुन्या रंगाची किंवा गोंदाची ट्यूब असेल तर विक्रेत्याला ती काढून ठेवायला सांगा. ज्वलनशील म्हणून पार्सल अडकतं. बाकी, लंडनला असलेला भाचा हा या छंदातला सर्वांत मोलाचा सुटा भाग आहे.

गुंतवणूक म्हणून बरं का?

नाही. कंपनीने तोच साचा पुन्हा बाहेर काढला की जुन्याची किंमत एका रात्रीत बसते. टिकते ती फक्त चित्राची आणि कागदाची किंमत.

मग जोडायचं की तसंच ठेवायचं?

माझा नियम: खोका, पत्रक, डेकल सगळं मूळ असेल तर ठेवायचं. यातलं एक जरी नसेल तर जोडायचं. ज्यांना फक्त जोडण्यात रस आहे त्यांनी सरळ नवं खोकं घ्यावं. तोच साचा, ताजी डेकल, आणि अपराधीपणाची भावना नाही.

इतक्या तपशिलाने नौका दाखवणं कुणाला खटकलं नाही?

खटकलं ना! १९६१ मध्ये अमेरिकेचे ॲडमिरल रिकोव्हर, अणुपाणबुड्यांचे जनक, पोलारिस क्षेपणास्त्रं नेणाऱ्या पाणबुडीच्या किटवर भडकले. तीन डॉलरच्या आत रशियनांना आमची गुपितं मिळतात, असं त्यांचं म्हणणं. याहून चांगली जाहिरात कुठल्या कंपनीने केली असती?

"ही सगळी खोकी ठेवणार कुठे?"

हा घरातला प्रश्न. माळ्यावर नाही, स्लॅबखालच्या उन्हाळ्यात 'हूड'चं केळं होईल. कपाटात जागा नाही. शेवटी दिवाणात. दिवाणातल्या गाद्या माळ्यावर गेल्या, आणि पाहुणे राहायला आले की त्यांना आधी पंधरा मिनिटं गॅलरीत चहा देतो, तोवर मी शिडी लावतो.